राणी रंगाची चिंधी, चार देशांत

माय, तुझी, माझी आणि पांडेसऱ्यापासून बमरोलीपर्यंत मिरच्या भाजून ज्यांचे डोळे चुरचुरले त्या सगळ्या बायांची तक्रार आज एकच आहे. मसाला आपण कुटला आणि त्याचं नाव दुसऱ्याने आपल्या मालकीचं करून घेतलं. गिरणीच्या गेटवर कामगारांच्या सभेत मी असं वाक्य टाकलं की समोरच्या मुठी वर येतात. आज समोर फक्त तुझा लोखंडी खलबत्ता आहे. त्याला मूठ उगारता येत नाही आणि मलाही आज उगारावीशी वाटत नाही, इतकी मी थकले आहे. म्हणून तुझ्याशी बोलते.

आपला माल दुबईच्या बंदरात अडकला आहे. हजिऱ्याच्या बंदरातून नेहमीसारखा निघाला, नेहमीसारखा उतरला, आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी धरला. का, तर पिशवीवरच्या राणी रंगाच्या चिंधीची गाठ आणि 'चिंधीवाला मसाला' हे नाव तिथे दुसऱ्याच्या मालकीचं आहे. म्हणजे आपला माल नकली! तुझ्या हाताची गाठ, आणि तुझीच लेक चोर ठरली. माल परत आला तर आपली मसाल्याची शेड चालणार नाही. शेडमधल्या बायांना मी अजून सांगितलेलं नाही. त्या रोज विचारतात, "ताई, पुढचा माल कवा भरायचा?" मी सांगते, मिरची जरा वाळू द्या.

तुला आठवतं का, ते नाव आपण ठेवलंच नव्हतं. आबा डाइंग मिलमधून कापडाच्या कडांच्या चिंध्या आणायचे. त्या दिवसांत मिलमध्ये राणी रंगाचाच माल चालू असायचा, आबांची नखंसुद्धा त्याच रंगाची. तू त्या चिंधीने पिशवीचं तोंड बांधायचीस, एका ओढीत सुटेल अशी दोन फासांची गाठ, कारण पाळीवरून थकून आलेल्या माणसाला गाठीशी झटापट नको. आणि कामगार दारात येऊन म्हणायचे, "काकू, तो चिंधीवाला द्या." मला लाज वाटायची. मी कॉलेजात जात होते, वाचनालयातली जाडजूड पुस्तकं काखेत घेऊन फिरत होते, आणि माझ्या आईच्या मालाचं नाव चिंधी! तू हसत होतीस. "ज्यानी खादं त्यानी नाव ठेवं," म्हणालीस. पुढे धंदा वाढला तेव्हा मीच त्या नावाची आणि त्या गाठीच्या चित्राची इथे भारतात नोंदणी केली, आणि मोठा गड जिंकल्यासारखी मिरवले.

ज्याने ते नाव तिकडे लावून घेतलं तो परका असता तर मी त्याला भाषणात सोलून काढला असता. तो आपल्याच तालुक्यातला. हजिऱ्याला वेल्डिंगचं काम करायचा, रविवारी आपल्याकडे जेवायचा, तुला मावशी म्हणायचा. आखातात निघाला तेव्हा तू त्याच्या बॅगेत पिशव्या कोंबल्यास. तो म्हणाला, "मावशी, तिकडे लोकांना देऊ का?" आणि तू म्हणालीस, "दे ना रे. तुनंच समज." आपल्या खान्देशात घर दाखवताना, ताट वाढताना, लेकरू मांडीवर देताना आपण हेच म्हणतो. तुझंच समज. कोणता पाहुणा ते खरं मानून घर नावावर करून घेतो? पण त्याने मानलं. मजुरांच्या कॅम्पात वाटलं, मग दुकानांत ठेवलं, मग आपण त्याला पेट्या पाठवायला लागलो, आणि या सगळ्यात कधीतरी त्याने दुबईत आणि ओमानात चिंधी स्वतःच्या नावावर केली. आता केनियात आणि ब्रिटनमध्येही अर्ज टाकला आहे.

मी फोन केला. "भाऊ, हे काय केलंत?"

"ताई, चिडू नका. इथे जो आधी अर्ज करतो त्याचं नाव. मी नसता केला तर कुणा परक्याने केला असता."

"मग आमच्या नावाने करायचा होतात."

"मावशींनीच सांगितलं होतं ना, तुनंच समज म्हणून? तुम्ही तिथेच चहाचे कप घेऊन उभ्या होतात." मग तो जरा हसला. "आणि गेटवर तर तुम्हीच म्हणता, जो राबतो तो मालक. या उन्हात डोक्यावर पेट्या घेऊन दुकानं कोणी पालथी घातली, ताई? तुम्ही?"

माय, भल्याभल्या मालकांना मी मोकळ्या मैदानात गप्प केलंय, आणि त्याने माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं. तो पुढे मऊपणाने म्हणाला, माल पाठवत राहा, फक्त माझ्या पिशवीत भरा, तुमच्या बायांना काम कमी पडणार नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खलबत्त्यातला बत्ता हातात धरून बसले होते. कोणाला मारणार होते कोण जाणे.

वकीलबाई गुजराती आहेत, स्पष्ट बोलतात. "जुओ बेन, नावाला पासपोर्ट नसतो. ज्या देशात जायचं तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो. तुम्ही भारतात दार लावलंत आणि बाकीची उघडी ठेवलीत." केनिया आणि ब्रिटनमध्ये अजून हरकत घेता येईल, पण मुदत संपत आली आहे. दुबई आणि ओमानमध्ये, त्याने ठाऊक असून दुसऱ्याचं नाव लाटलं, हे दाखवून ती नोंद रद्द करायला भांडावं लागेल. मी म्हटलं, भांडू. मला भांडण शिकवू नका. त्यांनी टेबलावर फोटो मांडले. बमरोलीतली पिशवी, उधन्यातली पिशवी, नवापूरच्या बाजारातली पिशवी. प्रत्येकीवर राणी रंगाची चिंधी, दोन फासांची गाठ. "हे त्याने गोळा केलेत, त्याच्या वकिलाने पाठवलेत. तो म्हणणार, ही गाठ कोणा एकीची नाहीच, जी ती बाई बांधते. आधी या बायांना नोटिसा द्या की चिंधी बांधणं थांबवा. मगच आपण म्हणू शकतो की ती तुमची."

पहिली नोटीस कोणाच्या नावाची निघाली असेल सांग. बमरोलीच्या मावशीच्या.

मला तो दिवस लख्ख दिसतो. मावशीच्या नवऱ्याचा हात मिलच्या रोलरमध्ये गेला आहे, ती आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, आणि काही मागतही नाही. तू उठतेस, वाटीभर मसाला बांधतेस, त्यात काय किती ते तिच्या कानात सांगतेस, आणि वर चिंध्यांचा अख्खा गठ्ठा तिच्या ओटीत टाकतेस. ती गेल्यावर मी तणतणले. आपलं गिऱ्हाईक तिच्याकडे जाईल, म्हणाले. तू पोळपाट आपटलास. "विरजन मांगाले येल बाईले कोनी नही म्हनस का वं? दही तिनं, विरजन आपलं. तुनं तोंड गेटवर चालस, घरमा अक्कल चालत नही." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. तू मात्र दोन्ही दिवस माझ्या डब्यात वांग्याचं भरीत घातलंस.

तर नोटीस पर्समध्ये घालून मी बमरोलीला गेले. मावशी दारातच मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मला पाहून ओरडली, "उनी का पुढारीन? पहिले भाकर खाय, मंग भाषण दे!" मी बसले. तिने कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा पुढे केला. म्हणाली, तो दुबईवाला तिलाही फोन करतो, उधनेवालीलाही करतो. थेट माल घेतो म्हणतो. "मी त्याला बोलली, थांब, विचार करते. खोटं कशाला बोलू, सूनबाई मागे लागली आहे." माझा घास अडकला. तिला वाटलं ठेचा लागला. पाणी देत हसायला लागली, "तुनी मायले बी असंच ठसकं लागनं व्हतं, मना मसाला चाखताना. भर आखाजीले, समद्या बायासमोर मनी चिंधी सोडी तिनी! धने जास्ती पडनात म्हनीसन."

आणि मी हातातली भाकरी खाली ठेवली. आखाजी! दरवर्षी अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, चिंधी बांधणाऱ्या या सगळ्या बाया नवा मसाला वाटीत घेऊन आपल्या ओट्यावर यायच्या. तू प्रत्येकीचा चाखायचीस. जमला असेल तर हातात वर्षभराच्या चिंध्या द्यायचीस. बिघडला असेल तर सगळ्यांसमोर पिशवीची गाठ सोडून चिंधी काढून घ्यायचीस, आणि पुन्हा नीट कुटून आणल्याशिवाय परत द्यायची नाहीस. मावशी महिनाभर रुसली होती. झोके, गाणी, पुरणपोळी, आणि तुझं हे चाखणं, मला सगळं सणातलंच वाटायचं. तू चिंधी उधळली नव्हतीस, माय. विरजण देत होतीस, आणि दही कसं लागलं ते दरवर्षी पाहत होतीस.

मी तशीच वकीलबाईंकडे धावले. त्यांनी शांतपणे ऐकलं. "हे कामाचं आहे. मालकिणीच्या परवानगीने आणि देखरेखीखाली बांधलेली चिंधी मालकिणीचीच राहते. या बाया शपथेवर सांगतील?" मग चष्मा काढून विचारलं, "आई गेल्यावर कोण चाखतं?"

कोणी नाही. तुझ्यानंतर ओट्यावर कोणी वाटी घेऊन आलं नाही, आणि मी कोणाला बोलावलं नाही. चिंध्या मात्र बांधल्या जात राहिल्या. "मग तेही तसंच लिहायचं," वकीलबाई म्हणाल्या. "एक ओळ खोटी नको. पण आता सुरू करा, आणि लवकर करा. यातली एक जरी त्याच्या बाजूने गेली तर कठीण आहे."

आखाजीची वाट पाहायला वेळ नाही. मी रविवार ठरवला आहे. अडचण तुला ठाऊकच आहे, मला चव कळत नाही. माझ्या भाजीला तू कायम नावं ठेवलीस आणि ती बरोबर होती. म्हणून चाखायला मावशीला बसवणार आहे. तिने तुझ्या हातून गाठ सोडवून घेतली आहे, चुकलेल्या मसाल्याची चव तिच्याइतकी कोणाला कळणार? सुनेचं ऐकून ती तिकडे वळली नाही तर. पहिली वाटी आपल्या शेडमधली असेल. ती बिघडलेली निघाली तर मावशी सगळ्यांसमोर आपलीच चिंधी सोडेल, आणि मी सोडू देणार आहे.

हे सगळं मी मावशीच्या नोटिशीच्या पानांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं आहे. आता ती नोटीस तिला देता येणार नाही आणि हे तुला पाठवता येणार नाही. एक गोष्ट कबूल करते. गेटवर हजार माणसं येतील की दहा, याची मला कधी भीती वाटली नाही. रविवारी आपल्या ओट्यावर चार बाया येतील की नाही, याची मात्र वाटते आहे. बोलावणं कसं धाडायचं ते किती वेळा लिहून खोडलं. आता खलबत्त्यासमोर मोठ्याने म्हणून पाहते, तू ऐक, कमी-जास्त वाटलं तर पोळपाट आपट:

बायांनो, चिंधी माझ्या मायची आहे आणि तिने ती तुमच्या ओटीत घातली आहे. रविवारी सकाळी वाटीभर मसाला घेऊन आमच्या ओट्यावर या.