दोऱ्याने बांधलेली गोवोंपकी

लुब्लिन,
९ नोव्हेंबर १९७८

चि. सौ. लुत्सिना हिस,
अ. आ. वि. वि.

तुमच्या गावचा झिग्मुंत परवा बटाट्यांच्या पोत्याबरोबर गोवोंपकीचं पातेलं ठेवून गेला. झाकण काढलं आणि हसावं की रडावं कळेना. कोबीची पानं तू दोऱ्याने बांधलीस? पोस्टात पार्सल टाकायला निघाली होतीस की काय? पानाची मधली जाड शीर तासायची असते, हे अकरा वर्षं आमच्या आईच्या चुलीशी उभी राहूनही तुला उमगलं नाही. अर्ध्या गुंडाळ्यांतून भात आणि खिमा बाहेर डोकावत होता. आईची गुंडाळी उलटी टांगली तरी सुटायची नाही. दोरा लावणाऱ्या बायांना ती काय काय बोलायची, ते तिलाच विचार.

बारांपैकी दोन मी खाल्ल्या, दहा शेजारच्या कुत्र्याला घातल्या. त्यानेही दोरा तेवढा बाजूला ठेवला.

नाताळला यंदाही मी येणार नाही, आईला सांग. तुझ्या हातचं जेवायची हिंमत नाही. लोभ आहेच, या पातेल्याने थोडा कमी झाला.

गेनोव्हेफा

बिल्गोराय,
१४ नोव्हेंबर

ती. वन्संना,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. सासूबाईंना मात्र वाचून दाखवलं नाही.

त्या गुंडाळ्या माझ्या नव्हत्या. ऑगस्टपासून सासूबाईंचा उजवा हात आखडलाय, बोटं मिटत नाहीत. तुम्हाला कळवायचं नाही, अशी तंबी होती. बारा गुंडाळ्यांना त्यांना अख्खा दिवस लागला. मला सुरीला हात लावू दिला नाही. पानं सुटायला लागली तेव्हा दोरा त्यांनीच मागितला, गाठी तेवढ्या मी मारल्या. कोणी केल्या ते गेनाला सांगू नकोस, म्हणाल्या. घास घेतला की माझा हात ती आपणच ओळखेल.

रोज पोस्टमन गेला की विचारतात, गेनाने ओळखलं का. पत्र यायचंय, असं मी सांगते. किती दिवस सांगू?

माझ्या पानांची शीर तासलेली असते, वन्सं. गेल्या तीन नाताळांत एकदा आला असतात तर दिसली असती. कुत्र्याची तब्येत बरी असावी.

लोभ उरला असेल तेवढा राहू द्यावा.

लुत्सिना

लुब्लिन,
१७ नोव्हेंबर

चि. सौ. लुत्सिना,
अ. आ.

सोबतची चिठ्ठी आईला वाचून दाखव. मोठ्याने वाच, नेहमीसारखे शब्द गिळू नकोस. कुत्र्याचं मात्र तुझ्यापाशीच राहू दे, एवढी विनवणी आहे. मी तुला विनवते आहे, तेव्हा हे पत्र जपून ठेव. असं दुसरं मिळायचं नाही.

गेना

ती. आईस,
सा. न.

पहिल्याच घासाला तुझा हात ओळखला. बाराच्या बारा मीच खाल्ल्या, कोणाला वासही दिला नाही.

नाताळच्या आदल्या सकाळी पहिल्या बसने येते. त्या दिवशी उपास, खिमा चालायचा नाही, तेव्हा लुत्सिनाला अळंबी भिजत घालायला सांग. शीर तीच तासेल, तिला चांगली जमते म्हणे. तू आणि मी वळू.

दोऱ्याचं रीळ मी घेऊन येते.

तुझी गेना