दोन वर्षांची जोडलाइन

अम्मान, ४ मार्च

प्रिय फदवा खालास,
स. सलाम. वि. वि. फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसशील. आईने पनीर पाठवलंय, त्याच डब्यासोबत हेही अकबाच्या बसवाल्याकडे देतेय. साखरपुड्यानंतर बाबांनी निवृत्त फौजींच्या सवलतीत मला आणि मुताझला मोबाइलची जोडलाइन, दोन नंबर आणि बिल एकच अशी, घेऊन दिली, दोन वर्षांच्या कराराने. बिल मुताझ भरतो, त्यामुळे मी कोणाकोणाला फोन केले ते सगळं त्याला दिसतं. मग उलटतपासणी. परवा तुझ्यावरूनही झाली. खालाशी, आईच्या बहिणीशी, एवढं काय बोलायचं असतं, म्हणे.

लाइन बंद करा म्हटलं, तर बाबा म्हणतात मुदतीआधी दंड बसतो, आणि मुदत संपेपर्यंत लग्नच होईल. खाला, मला ही लाइन नको आणि मुताझही नको. हे त्यांना सांगायची हिंमत होत नाही. जेवण जात नाही, कशात लक्ष लागत नाही.
उत्तराची वाट पाहते.
तुझी नजूद


अकबा, ९ मार्च

चि. नजूदला,
अ. आ. पत्र पनीरच्या डब्याखालून आलं, अर्धं खारट पाण्यात भिजून. मुताझला सांग, खाला त्याचीच निंदा करत होती.

तुझे बाबा वाईट नाहीत गं. पण मागणी घालायला आलेल्या वडीलधाऱ्यांसमोर ते कॉफी प्यायले, म्हणजे त्यांच्या लेखी शब्द पक्का. तेव्हा एकदम मुताझचं नाव काढू नकोस. आधी लाइनचंच बोल, आणि त्यांना घेऊन कंपनीच्या दुकानात जा. कुणाशी भांडायला मिळणार असेल तर तो माणूस ताटावरून उठून येईल. निदान ते बिल तरी त्या मुलाच्या डोळ्यांआड होईल. आणि वेडे, जेवत जा.
मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी फदवा खाला


अम्मान, १७ मार्च

प्रिय खालास,
स. सलाम. वि. वि. काल बाबांना घेऊन दुकानात गेले. तिथल्या बाईंनी करारावरची बाबांची सही दाखवली आणि लाइन बंद करायची तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे आजच भरा म्हणाल्या. बाबा असे भडकले की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. सही करताना पुढे काय वाट्याला येणार हे कोणाला कळतं, असं ते ओरडत होते. त्रास होत असताना दंडाची भीती घालून माणसाला बांधून ठेवायचं, हा कुठला न्याय, म्हणाले. आणि मध्येच थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मी रडत होते.

मुताझकडे जाणारं बिल त्यांनी तिथल्या तिथे आपल्याकडे वळवून घेतलं. दंड मात्र भरला नाही, तक्रार करणार आहेत. गाडीत त्यांनी विचारलं, तुला नक्की कशातून सुटायचंय. मी सगळं सांगितलं.

आज सकाळी बाबांनी कुराणातली सुरा पठण करून साखरपुड्याचं सोनं परत द्यायला घेतलं आणि एकटेच मुताझच्या घरी गेले. आई घाबरून रडतेय. जाताना दारात थांबून म्हणाले, शब्द मी दिला होता, तू नाही. तो परत घ्यायची लाज माझी मी बघून घेईन.
आम्हा सगळ्यांवर माया राहू दे, बाबांवर जरा जास्त.
तुझी नजूद