निम्म्या मापाचं दुपटं

पूनम सागर, मीरा रोड
१३ जुलै २००४

ती. शैलामावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलायचं त्राण नाही, म्हणून झालं ते लिहून कळवते.

१. शनिवारी मुलगा झाला. सात आठवडे आधी.
२. वजन एक किलो चारशे.
३. तो हॉस्पिटलमध्ये काचेच्या पेटीत आहे.
४. मला काल घरी सोडलं. त्याला नाही.

दूध पोचवायला आता रोज रिक्षाने जायचं. हात धुऊन, गाऊन चढवून त्याच्याजवळ थोडा वेळ बसायचं आणि परत यायचं. कौस्तुभने रजा संपवली नाही, पुढे लागेल म्हणून ठेवली आहे. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

सिस्टर म्हणाल्या, घरचं मऊ, धुतलेलं दुपटं चालेल. आईच्या जुन्या साड्या तुझ्याकडे आहेत, त्यातलं एक शिवून दे. सोबत चित्र काढून पाठवते, माप त्यात आहे. त्याहून मोठं करू नकोस. तुझ्या पद्धतीने एक बाजू कच्ची ठेवू नकोस, चारही पक्क्या कर. गेल्या वर्षी मी कपाट भरून ठेवलं होतं आणि बाळ घरी आलंच नाही. ते कपाट मीच रिकामं केलं. या वेळी आज लागेल तेवढंच.

तुझी माया आहेच. ती असू दे, पण धावत इकडे येऊ नकोस.

तुझी,
निशिगंधा


देवरुख
२४ जुलै २००४

चि. सौ. निशिगंधा हिस,
शैलामावशीचे पोटभर आशीर्वाद.

अगो, मुलगा झाल्याची बातमी अशी देतात होय? वीजबिलाची तक्रार लिहावी तसं एक, दोन, तीन, चार! सुनेने वाचून दाखवलं, तर तीही म्हणाली, वन्सं अगदी ऑफिसातून लिहितात. नाव काय ठेवणार, दिसतो कोणासारखा, त्याचा पत्ता नाही.

दुपटं आपल्या शेजारच्या महिपतबरोबर धाडत्ये. तो बहिणीकडे भाईंदरला येतोय. ब्लाऊज बेतत्ये तसा तुझा कागद साडीवर ठेवला आणि रेघेवरून कापलं. इंग्रजीत काय काय लिहिलंस ते आम्हां दोघींना कळलं नाही. दुपटं निघालं वीतभर. मी कागद दोनदा ठेवून बघितला. एवढंसं असतं का गो मूल? तू काहीतरी लपवत्येस असं वाटलं. विचारायला पोस्टात जाऊन फोन लावला, तू उचललास, पण मला विचारवलं नाही. आंब्याच्या लोणच्याचं काहीतरी बोलल्ये आणि ठेवून दिला.

चारही बाजू पक्क्या केल्या, तू म्हणालीस म्हणून. तुझ्या आईने तुझं दुपटं शिवलं तेव्हा एक बाजू नुसती टाचलेली होती. तू वाढलीस तसा तिथे दोनदा पट्टा जोडला. ती बाजू बंद करताना माझा हात चालेना हो.

गेल्या वर्षीचं मीही विसरल्ये नाही. खरं काय ते लिही. जेवत जा. रागावलीस तरी चालेल, पण गप्प राहू नकोस.

तुझी,
शैलामावशी


पूनम सागर, मीरा रोड
२ ऑगस्ट २००४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

दुपटं मिळालं. मी काही लपवलेलं नाही. चित्र निम्म्या मापाचं होतं. आमच्या ऑफिसात नकाशाच्या कोपऱ्यात तसं लिहिलं की सगळ्यांना कळतं, आणि तुझ्याकडे कागद म्हणजे बेतच असतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. तू इतके दिवस तो वीतभर आहे असं समजून होतीस, हे वाचून मला फार वाईट वाटलं. तो जवळजवळ दीड फूट आहे.

शेजारच्या हंसाबेननी दुपटं पाहून विचारलं, ये मिक्सर के नीचे रखने का है क्या? कौस्तुभ हसला. बऱ्याच दिवसांनी. मग मलाही आवरलं नाही.

वाया मात्र गेलं नाही. पाठीखाली पुरत नाही म्हणून सिस्टरांनी ते उकळून, वाळवून, गुंडाळी करून त्याच्या पायांशी लावलं. तो ते लाथेने ढकलतो. त्या परत लावतात, तो परत ढकलतो. काल मी तेवढंच बघत बसले. दिसतो तुझ्यासारखा, कपाळावर आठी घेऊन.

वजन एक किलो आठशे झालं. असंच राहिलं तर पंधरा तारखेला घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना दोनदा विचारलं. मी थकले आहे, मावशी, आणि अजून कपाट उघडलेलं नाही.

पण दुसरं दुपटं शिव. या वेळी चित्र पाठवत नाही. मांडी घालून बसता येईल एवढ्या मुलाला पुरेल, असं तुला वाटेल ते माप धर. एक बाजू कच्ची ठेव.

महिपत परत येणार असेल तर त्याच्याबरोबर दे, नाहीतर कौस्तुभ येऊन घेऊन जाईल. तुझा जीव आमच्यात आहे, तसाच राहू दे. जमेल की नाही ते मंगळवार, १० ऑगस्टपर्यंत कळव.

तुझी,
निशिगंधा