पॅरिसजवळच्या नदीला भरती नसते

गुरुजी,

काल नातवाच्या मोबाईलवर मी ते गाव पाहिलं. पॅरिसच्या बाहेर, सीन नदीच्या वळणावरचं. तुमचे मेव्हणे बोटीवर नोकरीला होते, त्यांनी ज्याचं चित्रकार्ड पाठवलं होतं ते. दगडी पूल अजून आहे, नदीतलं बेटही आहे. कधी न पाहिलेल्या गावासाठी डोळे भरून आले, म्हणजे म्हातारपणाची कमालच म्हणायची! देवळाच्या पडवीत आपली शाळा भरायची. नकाशा एकच, तोही कसरीनं खाल्लेला, म्हणून तुम्ही त्या कार्डावरूनच भूगोल आणि इतिहास शिकवायचात. आधी तिथे भाजीचे मळे होते, भाजी होड्यांतून शहरात जायची. मग आगगाडी आली, कारखाने आले आणि मळ्यांवर घरं उठली. "मंग त्या लोकांना शेतां परत नाय मिळाली?" मी विचारलं होतं. तुम्ही आमच्या भातखाचरांकडे पाहिलंत आणि पुढचा धडा काढलात. त्या खाचरांवर आता नव्या शहराचा सेक्टर आहे, आणि मी तिथेच चौथ्या मजल्यावर राहते.

शाळातपासणीचा दिवस मात्र साठ वर्षांनीही पाठ सोडत नाही. साहेब मला उभं करतात, कार्ड दाखवून म्हणतात, या नदीचं वर्णन कर. मी ठणकावून सांगते, दिवसातून दोनदा पाणी उलटं फिरतं, भरतीला होड्या शहराकडे जातात नि ओहोटीला परततात. खाडीखेरीज दुसरं वाहतं पाणी मी पाहिलंच कुठे होतं! साहेबांच्या कपाळाला आठ्या. "हे कोणी शिकवलं?" त्या गावापर्यंत समुद्राचं पाणी पोचत नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलेलं. पण नापास झालीस तर उद्यापासून मिठागरात, असं बाबांनी बजावलं होतं.

"गुरुजींनी," मी म्हणते.

तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "हो साहेब, गफलत माझीच."

मी पास झाले, शिकले, मास्तरीण झाले. तुमची महिन्याभरात उरणच्या बाजूला बदली झाली. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत, आणि तेच मला आजवर सहन होत नाही. हे पत्र टाकू तरी कुठे? तुम्हाला जाऊनही चाळीस वर्षं झाली.

तुम्ही निघालात त्या सकाळी सगळं गाव होडीपाशी जमलं होतं. "मास्तर चाललं, पाया पडून ये गो," आई म्हणाली. पोट दुखतंय म्हणून मी घोंगडीत शिरले.

पोट दुखत नव्हतं, गुरुजी.