आबासाहेबांचे दिवस

१७ जून, सोनपेठ

परभणीहून एसटीनं दुपारी पोचले. खोली आवडली! माडीवर दोन खिडक्या, खाली निंब, कॉलेज चालत जाण्याजोगं. घरमालक आबासाहेब तहसिलीतून निवृत्त झालेले. मुलगी राजेश्रीताई पन्नाशीची, घर तीच बघते. चहा घेताना कळलं की आबासाहेबांना आयुष्यातला एकूण एक दिवस आठवतो. स्मृती हा तर माझा शिकवण्याचा विषय! बदली झाल्यावर सांगलीत आई रडत होती. तिला आताच फोन करून सांगितलं, वैदेहीचं नशीब उघडलं म्हणून.

२५ जून

रोज संध्याकाळी खाली आबासाहेबांजवळ बसते. तारीख सांगायची आणि ऐकायचं. काल त्यांनी लहानपणीचा एक पोळा सांगितला. बैलांच्या शिंगांना लावलेल्या हिंगुळाचा रंग, बहीण विमलच्या हातातली अर्धी पुरणपोळी, त्या पोळीला लागलेली राख. ऐकताना तोंडात राखेची चव आली.

एकच वैताग. मध्ये प्रश्न विचारलेला त्यांना चालत नाही. दिवस सुरू झाला की संपेपर्यंत उठायचं नाही. टिपणांसाठी नेलेले कागद कोरेच राहतात.

६ जुलै

आज वर्गात स्वतःच्या बालपणीचं उदाहरण द्यायला गेले आणि पोळा सांगून बसले. विमलसकट. मुलं लिहून घेत होती. आमच्याकडे बैल कधीच नव्हते.

आईचा फोन आला. बाबांच्या जुन्या स्कूटरवरून आपण पडलो होतो, ते सांगून ती हसत होती. मला ती स्कूटर आठवेना. हो हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर स्वतःचाच इतका राग आला की जेवले नाही.

१४ जुलै

राजेश्रीताई कपडे वाळत घालत होती. वर न बघता म्हणाली, "मॅडम, रोज बसायलात तुमी आबांजवळ. लय ऐकू नका."

मी कारण विचारलं. तिची आई, कस्तुराबाई, शेवटी स्वतःच्या माहेरचं गाव विसरली होती, असं तिनं सांगितलं. आबांचं आजोळ मात्र घरन्‌घर सांगायची.

"आणि तुम्ही?"

"मला माझं म्हणून काय आठवतंय, तेच कळंना."

तिनं उरलेले कपडे झटकले आणि आत गेली. हे पहिल्या दिवशी का सांगितलं नाही? विचारायलाही दार उघडेना.

२० जुलै

बॅग भरून स्टँडवर गेले. रजेचा अर्ज नंतर पाठवता येईल. परभणीच्या गाडीत बसले. कंडक्टरनं विचारलं, कुठं. कुठं जायचंय तेच आठवेना. त्यानं पुन्हा विचारलं. मागची माणसं कुरकुरायला लागली. मी बोलायला तोंड उघडायची आणि सोनपेठच यायचं. शेवटी त्यानं उतरायला लावलं.

परत आल्यावर या वहीचं पहिलं पान उघडलं. सांगली, असं लिहिलंय. अक्षर माझंच. चारदा वाचलं. घर नाही, रस्ता नाही, काही म्हणजे काही डोळ्यांपुढं येत नाही. वही भिंतीवर फेकली.

आबासाहेब खालून हाक मारत होते. गेले नाही.

२२ जुलै

गेले.

जावंच लागतं. माझं मला काही आठवेना, आणि ते बोलायला लागले की निदान काहीतरी — भरतं. आज त्यांनी त्यांची आई गेली तो दिवस सांगितला. ते आठ वर्षांचे होते. माझ्या डोळ्यांचं पाणी थांबेना. त्यांचा चेहरा मात्र कोरडा. सांगून झाल्यावर ते पाणी प्यायले आणि म्हणाले, आता हलकं वाटतंय.

२४ जुलै

फोन वाजतोय. ‘आई’ असं दिसतं. उचलत नाही. कुणाची चेष्टा —

राजेश्री जेवण दाराशी ठेवते. नजरेला नजर देत नाही.

२७ जुलै

सकाळी एक बाई आली. प्रवासानं चुरगळलेली साडी, हातात पिशवी. मला वैदू म्हणते. रडते. किती सांगितलं, ओळखत नाही, तरी जात नाही. राजेश्री नुसती उभी.

आबांना विचारलं. ते म्हणाले, ही बाई याआधी कधीच इथं आली नव्हती. त्यांचं चुकत नाही. म्हणजे हीच खोटं —

पिशवीतून डबा काढलाय. खा म्हणते. माझा हात धरलाय, लिहू देत नाही. हिला कुणीतरी समजावा. माझी आई कधीच गेली. मी आठ वर्षांचा होतो. विमल रडत होती आणि मी आईच्या पायाशी उभा —