चौथी आणि पाचवी वायर

ड्वेन,

लेकीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी तू आणखी एक कार्ब्युरेटर शोधायला भंगारवाल्याकडे पळालास आणि फोन गॅरेजमध्येच विसरलास, म्हणून ही चिठ्ठी.

अकरा वर्षांत तुझ्या मस्टँग गाडीचे चार कार्ब्युरेटर झाले. "आवाज ऐकूनच मला इंजिनाचं दुखणं कळतं," असं तू भावाला सांगत असतोस. वाचूनही कळतं, ड्वेन. कुठल्या प्लगला कितवी ठिणगी द्यायची, तो क्रम इंजिनावरच उठावाच्या आकड्यांत आहे. तुझ्या बनियनने काजळी पुसली तेव्हा दिसला. चौथ्या आणि पाचव्या प्लगच्या वायरी तू एकमेकींच्या जागी लावल्या होत्यास. मी त्या आपापल्या जागी लावल्या आणि किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. केल्सी म्हणाली, "मॉम, डॅडला सांगू नकोस, मोडून पडेल गं बिचारा." म्हणून सांगत नाही, लिहितेय.

तिला चर्चला ही गाडी आणि तू, दोन्ही हवेत. गाडी मी नेतेय. तू गवत कापायच्या यंत्रावर बसून ये. ते तू अजून दुरुस्त केलेलं नाहीस, त्यामुळे चालतं.

दोन वाजता चर्चच्या दारात उभा राहा. तिचा हात धरून आत चालायचंय. डावा पाय, मग उजवा. क्रम चुकवू नकोस.

मार्लीन