चाल ओबेदच्या गळ्यात

थॉर्नकोंब,
रविवार, १ एप्रिल १७६४

लाडक्या केझीला ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. शेळी व्याली, दोन्ही करडं धडधाकट आहेत. बाबांचा खोकला हटत नाही, पण स्तोत्राला उभे राहिले की खर्ज अजून तसाच लागतो. तुला हात आता वर उचलता येतो का गं?

तुझ्या नवऱ्याचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. तू मावशीकडे पळालीस त्या दिवसापासून ओबेदनं गाणं बंद केलं. "आधी बायको आणून द्या, मग गातो." झालं! ईस्टर तोंडावर आलेला, आणि स्तोत्राची चाल तर त्याच्याच गळ्यात. बाबा, गिरणीवाला सायलस आणि मी, आम्ही तिघं नुसते तिच्या आजूबाजूचे सूर. सोमवारी जाऊन तुला घेऊन येतो, असं बाबांनी त्याला कबूल केलं. मी म्हटलं, "बाबा, त्यानं तिचा हात मोडलाय."

"नवरा-बायकोत व्हायचंच. असा गळा पंचक्रोशीत नाही, टॅमसिन."

त्या भरवशावर आज तो चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या माळ्यावर आमच्यात येऊन उभा राहिला. दुसरं कडवं संपलं तसा माझ्याकडे वाकून हसला मेला. "या खेपेला पाय मोडतो, मेव्हणीबाई. म्हणजे पळायची कटकटच नको."

सूर देण्याची लाकडी शिट्टी माझ्याच हातात होती, चांगली हातभर लांब, चौकोनी. दोन्ही हातांनी त्याच्या थोबाडावर हाणली. तो कठड्यावर आपटला, तेव्हा आणखी एकदा. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. रक्त खाली पाद्रीणबाईंच्या टोपीवर ठिबकत होतं, बायका किंचाळत होत्या. आणि केझी, बाबा थांबले नाहीत गं! डोळे मिटून ते आणि सायलस चालीशिवायच गात राहिले, अख्खं कडवं.

घरी आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "आता चाल कोण म्हणणार?" तुझं नावसुद्धा घेतलं नाही. तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

वैद्य म्हणतो, ओबेद जगेल, पण गाणं संपलं. उद्या शिपाई मला न्यायला येतील. तुला मी ओळखते, माझ्या बाजूनं साक्ष द्यायला धावत येशील. खबरदार! हे वाचलंस की मावशीचं घर सोड, लांब जा. कोर्टात दिसलीस तर कायद्यानं तुला त्याच्याच हवाली करतील, आणि मग मी तो जबडा फुकटच फोडला म्हणायचा.

जराही न पस्तावलेली,
तुझी ताई